नववी ‘ब’चं जोडाक्षर

चुकीच्या तासाला बरोबर प्रश्न विचारण्यात तिचा हात धरणारं आमच्या शाळेत कुणी नव्हतं. एकदा इतिहासाचे सर मिठाचा सत्याग्रह शिकवत होते. सगळा वर्ग ‘महत्त्वाचे’ म्हणून सांगितलेल्या ओळींखाली रेघा मारण्यात गढलेला. ही उभी राहिली आणि म्हणाली, “सर, समुद्राचं पाणी उडून जातं आणि मीठ खाली उरतं. म्हणजे इंग्रजांनी बाष्पीभवनावरच कर लावला होता का?” सरांनी पुस्तक मिटलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “बाष्पीभवन मंगळवारी. आज सोमवार आहे. बस खाली.”

ती माझ्या शेजारी बसायची. चोपड्याच्या आमच्या शाळेत पाचवीपासून आमचा एकच बाक. शाळेचा कारभार चोख होता. प्रत्येक विषयाला आपापला तास, आपापले शिक्षक आणि त्या शिक्षकांच्या घरी संध्याकाळी भरणारा आपापला क्लास. घंटा झाली की डोक्यातला एक विषय बाहेर घालवायचा आणि दुसऱ्याला आत घ्यायचं, हे आम्हाला छान जमायचं. दोन विषयांची दारात गाठ पडू नये, एवढीच शिक्षकांची अपेक्षा होती. हिच्या डोक्याला मात्र दारंच नव्हती.

तिला ‘जोडाक्षर’ हे नाव मराठीच्या बाईंनी दिलं. त्या दिवशी लिंगविचार चालला होता. बाई म्हणाल्या, केळं नपुंसकलिंगी, पण झाड ‘ती केळ’, स्त्रीलिंगी. लगेच हिचा हात वर. “बाई, विज्ञानात शिकलो की केळ बियांपासून येत नाही, कंदापासून येते. तिच्यात नर-मादीचा संबंधच येत नाही. मग ती स्त्रीलिंगी कुणी ठरवली?” केळीच्या मुलखातल्या त्या वर्गात एवढा हशा पिकला की शेजारच्या ‘अ’ तुकडीचे सर डोकावून गेले. बाई रागाने लाल झाल्या, पण त्यांचा राग व्याकरण सोडून जात नसे. त्या म्हणाल्या, “दोन अक्षरं शेजारी सुखानं नांदत असतात. ही मध्ये शिरते, दोघांना जोडते आणि एकाचा पाय मोडते. जोडाक्षर आहे नुसती!” त्या दिवसापासून हजेरी सोडली तर तिचं खरं नाव कुणीही घेतलं नाही.

भूगोलाच्या चाचणीत तिने कमाल केली. ‘काळी मृदा कापसाला योग्य का?’ या प्रश्नाचं उत्तर तिने पक्ष, साध्य आणि सिद्धता अशा तीन भागांत लिहिलं आणि शेवटी ‘हेच सिद्ध करायचे होते’ असंही लिहून टाकलं. भूगोलाच्या सरांनी शून्य दिलं. “हे गणित आहे, तिकडे ने.” ती खरोखरच पेपर तिकडे घेऊन गेली. गणिताच्या सरांनी वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, “पायऱ्या चोख आहेत. पूर्ण गुण दिले असते, पण प्रश्न माझा नाही.” एकाने दिले नाहीत, दुसऱ्याला देता आले नाहीत. घरी जाताना मी म्हटलं, “अगं, सरळ पाठ केलेलं लिहायचं ना.” ती म्हणाली, “पाठ होतं गं. पण ते खरं आहे की नाही, हे बघावंसं वाटलं.”

खरा प्रसंग गुदरला तो नववीत. नववी ‘ब’चा वर्ग पत्र्याखाली होता आणि त्याच्या खिडक्या पश्चिमेला होत्या. खानदेशात शिवरात्र झाली की उन्हाला कुणाची परवानगी लागत नाही. पंखा होता. तो पत्र्याखालची गरम हवा सर्वांना सारखी वाटून द्यायचा. एके दुपारी पुढच्या बाकावरची एक मुलगी कविता म्हणता म्हणता कोसळली. तिला नळाखाली नेलं, डोक्यावर पाणी ओतलं आणि बाईंनी राहिलेलं कडवं दुसरीकडून पूर्ण करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जोडाक्षराने मुख्याध्यापकांना, म्हणजे आमच्या मोठ्या सरांना, अर्ज दिला. वर्ग बदलून मिळण्याबाबत. मोठ्या सरांनी अर्ज वाचला आणि तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. तिचे वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक. कामाच्या कपड्यांतच आले, हात पुसत दारात उभे राहिले. आम्ही व्हरांड्यातून ऐकत होतो.

“तुमची मुलगी वर्गात गरम होतं म्हणून अर्ज करते!” मोठे सर म्हणाले.

वडिलांनी हात पुसणं थांबवलं. “मंग, व्हत नही का गरम?”

मोठ्या सरांनी अर्जाची घडी करून तो खणात टाकला. “अंतर्गत गुण आमच्या हातात असतात, एवढं लक्षात ठेवा,” असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

याच सुमारास वरून परिपत्रक आलं. शाळेत विषयांचा समवाय साधला जातो की नाही, हे पाहायला समिती येणार होती. एका विद्यार्थ्याने समितीपुढे ‘विविध विषयांतून मी काय शिकलो’ यावर उत्स्फूर्त चिंतन करायचं होतं. समवाय म्हणजे विषय एकमेकांशी जोडून शिकवणं, हे बाईंनी शब्दकोशात पाहून सगळ्यांना सांगितलं. मग सर्व शिक्षकांनी मिळून उत्स्फूर्त चिंतन लिहायला घेतलं. प्रत्येकाने आपापला परिच्छेद लिहिला. गणित आधी की मराठी, यावरून शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस अबोला होता. शेवटी मोठ्या सरांनी वर्णानुक्रमाचा तोडगा काढला.

आता हे बोलणार कोण? ‘अ’ तुकडीच्या पहिल्या नंबरला गोवर निघाला. बाई म्हणाल्या, “आपलं जोडाक्षर आहे की. तिला तेवढंच तर येतं.” तोवर ज्या गोष्टीबद्दल तिला शिक्षा होत आली होती, तीच गोष्ट शाळेला एका दिवसापुरती हवी होती. मोठ्या सरांनी कागद तिच्या हातात देताना बजावलं, “यातला एकही शब्द इकडचा तिकडे नको.”

समिती होळीच्या आदल्या आठवड्यात आली. तिघे होते आणि प्रमुख एक मॅडम. कार्यक्रम मोठ्या सरांच्या खोलीत ठेवला होता. तिथे स्लॅब होता आणि बाहेर पश्चिमेला मोठा कडुनिंब. जोडाक्षराने चिंतन घडाघडा म्हणून दाखवलं. मोठ्या सरांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. टाळ्या झाल्या. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. “छान. आता मला एक उदाहरण सांग. तुझं स्वतःचं.”

कागदावर उदाहरण नव्हतं. मी दाराशी पाण्याचे पेले घेऊन उभी होते. मोठे सर म्हणाले, “मॅडम, मुलगी दमली असेल…” पण तिने बोलायला सुरुवात केली होती.

“विज्ञानात शिकलो की पत्रा लवकर तापतो. भूगोलात शिकलो की दुपारनंतर सूर्य पश्चिमेला झुकतो. भूमितीवरून मी या कडुनिंबाच्या सावलीचा अंदाज काढला. ती दुपारभर याच खोलीवर असते, नववी ‘ब’वर येत नाही. मोठे सर दुपारी जेवून घरी आडवे होतात, तेव्हा ही खोली रिकामी असते. नागरिकशास्त्रात शिकलो की नागरिकाने अर्ज करावा. मराठीत अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं, म्हणून मी लिहिला.” ती जरा थांबली. “अर्जाला उत्तर कसं द्यायचं, ते अभ्यासक्रमात नाही. म्हणून आलं नसेल.”

टोमणा मारावा हे तिच्या गावीही नव्हतं. ते तिला मनापासून वाटत होतं आणि म्हणूनच कुणाला हसता येईना. मॅडम उठल्या, “चल, दाखव तो वर्ग,” म्हणाल्या. नववी ‘ब’मध्ये त्या आमच्याच बाकावर बसल्या. थोड्या वेळाने पदराने मान पुसत बाहेर आल्या आणि थेट गाडीत बसल्या.

समितीचा अहवाल आला. त्यात शाळेने साधलेल्या समवायाचं तोंडभरून कौतुक होतं. मोठ्या सरांनी तो फ्रेम करून घेतला आणि सत्काराचा नारळही स्वतःच घेतला. अहवालाच्या तळाशी एका ओळीत वर्ग हलवण्याची सूचना होती. मोठ्या सरांची खोली काही हलली नाही. पण उपकरणं फुटू नयेत म्हणून कायम कुलुपात ठेवलेली प्रयोगशाळा आम्हाला उघडून मिळाली. तिथे गारवा होता. नववीचे उरलेले दिवस आणि दहावीचं सगळं वर्ष आम्ही परीक्षानळ्यांच्या कपाटाला टेकून इतिहास शिकलो. जोडाक्षराला अंतर्गत गुण वर्गात सर्वांत कमी पडले. कारण कुणीच सांगितलं नाही. गुणपत्रिका पाहून ती एवढंच म्हणाली, “कोसळलं तर नाही ना पुन्हा कुणी.”

दहावीनंतर तिच्या वडिलांची बदली धुळ्याला झाली. मी स्टँडवर सोडायला गेले. ती धुळ्याच्या कॉलेजचा अर्ज भरून आली होती. “कला, वाणिज्य की विज्ञान, एकाच चौकोनात खूण करायची होती,” ती म्हणाली. मी विचारलं, “मग कुठे केलीस?” तेवढ्यात तिचे वडील बसच्या दारातून ओरडले, “चाल बेटा, गाडी सुटी ऱ्हायनी!” ती पळत गेली. खिडकीतून तिने काहीतरी ओरडून सांगितलं, पण इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

मी चोपड्यातच विज्ञान घेतलं. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात भौतिकशास्त्राच्या सरांनी धडा संपवला, खडू ठेवला आणि विचारलं, “कुणाला काही शंका?” साठ-सत्तर मुलं घड्याळाकडे बघत होती. सर खूश झाले. “शहाणी बॅच आहे,” म्हणाले आणि डस्टर उचलला. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी हात वर केला. काय विचारायचं, ते अजून ठरलं नव्हतं.