किपरभाऊंचं अपील

किपरभाऊंनी बोट दाखवून रस्ता सांगितला की परका माणूस हमखास चुकायचा. त्यांचं एकही बोट सरळ उरलेलं नव्हतं. प्रत्येक बोट वेगळ्या गावाकडे वळलेलं. कुणी गोंधळून पाहिलं की म्हणायचे, "तोंडाकडं बघा. बोटं किरकेटनं खाल्लीत."

ते हर्णैचे, कोळ्याच्या घरातले. होडीवरून फेकलेला दोर लाटेत उभं राहून झेलत वाढले. पुढे मुंबईला गिरणीत लागले, तिथल्या मैदानावर यष्टींमागे उभे राहिले, आणि चेंडू हातून सुटेना. एका संस्थानिकांनी ते पाहिलं आणि त्यांना पगारावर उचलून नेलं. खेळायचा पगार मिळतो हे गावात कुणाला पटेना. त्यांची आई "राजाच्या घोड्यांकडं असतो" म्हणून सांगायची. ते अगदीच खोटं नव्हतं. पगार तबेल्याच्या खर्चातूनच निघे.

तिथला नियम सोपा होता. महाराज फलंदाजीला असले की चेंडू झेलायचा, पण ओरडायचं नाही. भाऊंनी तो बरीच वर्षं पाळला. नखं गेली, पुढचा दात गेला, तक्रार नाही.

मग दसऱ्याचा सामना आला. महाराज समोरच्या संघात. ते पुढे सरसावले, चेंडू हुकला, भाऊंनी यष्ट्या उडवल्या आणि ओरडले, "हाउज दॅट!" पंच दिवाणांचे मेहुणे. त्यांनी आधी महाराजांकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि मान हलवली. महाराज नाबाद राहिले. बाद झाले किपरभाऊ. दुसऱ्या दिवशी त्यांचं बिऱ्हाड बैलगाडीत होतं.

नंतर ते रत्नागिरीत आमच्या क्लबाकडून फुकट खेळत. मी गोलंदाज. एकदा म्हणाले, "तुज्या चेंडूला किपर कशाला? फलंदाज एक तरी सोडतो काय?"

काही वर्षांनी संस्थानाचा माणूस मोटार घेऊन दारात आला. नव्या किपरच्या हातून सगळं सुटत होतं. महाराजांनी मोठ्या मनाने माफी दिली होती. वहिनी आतून खुणा करत होत्या, "हो म्हणा!"

भाऊंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "परत अपील केलं तर चालेल काय?"

तो माणूस चहा पीत राहिला. मोटार रिकामी गेली. वहिनी पुढे महिनाभर भाऊंशी बोलल्या नाहीत.

शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. धीर करून विचारलं, "भाऊ, महाराज खरंच बाद होते?"



"कुणास ठाऊक. धूळ उडाली होती. मला दिसलं नाही."

"मग ओरडलात कशाला?"

"अरे, हाउज दॅट म्हंजे काय? बाद हाय का, असं इचारणं. मी नुसतं इचारलं होतं."