रूपाबाई आणि बाटलीतला सॉस

रूपाबाई राठोड स्वयंपाक करताना कधी चाखत नसे. कळमनुरीच्या पुढे, नांदेडच्या रस्त्यावरून आत वळलं की तिचा तांडा लागतो. तिथे लग्न असो की बारसं, शंभर माणसांची भाजी रूपाबाईच्या हातची. पातेल्यावर वाकून ती एक लांब श्वास घ्यायची आणि म्हणायची, "मीठ कमी हाय." आणि मीठ खरंच कमी असायचं. या नाकाचा तिला भारी ताठा होता, आणि का नसावा? शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने एवढ्या एका गोष्टीवर मान वर करून जगायचं ठरवलं, तर कुणाचं काय गेलं?

न चाखण्याचा नियम मात्र तिचा नव्हता, तिच्या सासूचा होता. पहिला घास चुलीतल्या विस्तवाला, मग माणसांना. त्याआधी पळी तोंडाला लावली की सगळं अन्न उष्टं. नवी नवरी असताना रूपाबाईने एकदा बोटावर वरण घेतलं, तर सासूने भरलं पातेलं गुरांपुढे नेऊन ओतलं होतं. त्याला छत्तीस वर्षं झाली. सासू गेली, घरात गॅस आला, मिक्सर आला, पण नियम जागचा हलला नाही. थोरल्या देविदासची बायको संगिता उंबरा ओलांडून आत आली, त्या दिवशी रूपाबाईने तिला चूल दाखवली, पिठाचा डबा दाखवला आणि हा नियम सांगितला. संगिताने मान डोलावली.

संगिताचं माहेर हिंगोलीचं. नांदेडला तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिलेली, बी.कॉम. झालेली पोरगी. चार महिने झाले तरी तिची भाकरी काही गोल होईना. कुणी तिला रागावत नव्हतं. नुसतं हसत होते, आणि रोज हसत होते, ते रागावण्यापेक्षा वाईट. मग एका रविवारी तीच म्हणाली, "आज मी पास्ता करते. मला येतो तो." देविदासकडून तिने हिंगोलीहून पास्त्याची पाकिटं आणि सॉसच्या दोन बाटल्या आणवल्या होत्या.

तो रविवार बिघडला. पास्ता उकडला, त्यावर एक बाटली उपडी केली, गरम केलं, वाढलं. सॉस असा आंबट की दात शिवशिवले. सासरे खेमा गुमान ठेच्याशी भाकरी खाऊ लागले. धाकटा दीर विकास म्हणाला, "वहिनी, यात चिंच किती किलो घातली?" सगळे हसले. उरलेला पास्ता शेळ्यांपुढे टाकला, त्यांनी हुंगला आणि तोंड फिरवलं. हे विकासने दुसऱ्या दिवशी अख्ख्या तांड्याला सांगितलं. सगळ्यांत मोठ्याने हसली होती ती रूपाबाईच.

मंगळवारी संगिता म्हणाली, "याडी, मी गुरुवारी हिंगोलीला जाते. चार दिवस." तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि सासूलाही. रूपाबाई बरं म्हणाली. मग खोलीत चादर ठेवायला गेली, तर पलंगावर बॅग उघडी होती. चार साड्या, आणि त्यांच्या खाली प्लास्टिकची ती निळी फाइल, जिच्यात दहावीपासूनची सगळी सर्टिफिकेटं होती. चार दिवस माहेरपणाला जाणारी बाई सर्टिफिकेटं नेत नाही. रूपाबाई निरक्षर होती, खुळी नव्हती.

तिने देविदासला गाठलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना याडी, येईल परत."

"तुला काय कळून राहिलं?" रूपाबाई म्हणाली. "कळमनुरीला जा आन तसल्या अजून दोन बाटल्या आण."

"आता काहून? ती तर चालली."

"म्हणूनच."

तिला स्वतःची लाज वाटत होती. पोरीला येत होता तो एकच पदार्थ, आणि त्यावर आपण दात काढले. पण लाज वाटली म्हणून हातावर हात धरून बसणं तिच्या रक्तात नव्हतं. गुरुवारच्या आत हा सॉस नीट करायचा, साऱ्या घराला ताट पुसून खायला लावायचं, मग पोरीची मान वर होईल आणि फाइल कपाटात जाईल. इतकं सरळ तिने ठरवलं.

बुधवारी संगिता हापशावर धुणं घेऊन गेली, तशी रूपाबाईने राहिलेली बाटली उघडली आणि नाक लावलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नाकाने हात टेकले. आंबट वास, गोड वास, त्यामागे कसलातरी वाळला पाला. यात काय कमी आहे ते कळायला आधी हे पुरं कसं असतं ते ठाऊक पाहिजे ना. मग तिने तिला येत होतं ते केलं. पळीभर तेल, कांदा, लसणाचा अख्खा गड्डा, मूठभर काळा मसाला, घरची हळद, दाण्याचा कूट, आणि वर बाटली. सॉस म्हणता म्हणता भरल्या वांग्याचा रस्सा झाला, फक्त त्यात वांगी नव्हती.

घर तुटून पडलं. खेमांनी दोनदा मागून घेतलं. विकास बोटं चाटत म्हणाला, "बघा, याडीचा हात लागला तव्हा कुठं खाण्याजोगं झालं."

रूपाबाईने संगिताकडे पाहिलं. पोरीचं ताट अर्धं तसंच होतं. "छान झालंय, याडी," ती म्हणाली आणि ताट घेऊन मोरीकडे गेली. सॉस सुधारायच्या नादात रूपाबाईने पोरीची उरलीसुरली किंमतही घालवली होती.

ती मागोमाग मोरीवर गेली आणि शेजारी बसली. "संगे, खरं सांग. तुह्या नांदेडच्या खोलीवर त्यो पास्ता रविवारसारखाच आंबट व्हायचा का?"

"न्हाई."

"मग?"

संगिता ताट घासत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "बाटलीतला सॉस आंबटच असतो, याडी. तिथं आमी कांदा, लसूण परतायचो, थोडं टाकायचो, चाखायचो. आंबट लागला तर चिमूटभर गोड, पुन्हा चाखायचो. माझा स्वयंपाक तसाच हाय. तुमच्यासारखं नाक न्हाई मला. इथं चाखायचं न्हाई म्हटल्यावर काय घालावं तेच कळंना, म्हणून काहीच न्हाई घातलं."

चार महिने ही पोरगी डोळे बांधून रांधत होती, आणि पट्टी बांधणारी रूपाबाई स्वतः होती. भाकरीवर हसणं, भाजीवर हसणं, सगळं आठवून तिला तिथेच रडू आलं. तिने ते मोरीच्या पाण्याने धुऊन टाकलं.

गुरुवारी सकाळी तिने चूल पेटवली, बाटली आणि कढई मांडली आणि संगिताला हाक मारली. संगिता नवी साडी नेसून तयार होती. फाट्यावरून हिंगोलीची एसटी साडेदहाला जाते.

"जायच्या आधी येकदा तुह्या हातानं कर," रूपाबाई म्हणाली. "मी लसूण सोलते. मदी बोलणार न्हाई."

संगिताने घड्याळाकडे बघितलं आणि पदर खोचला. कांदा बारीक चिरून मंद विस्तवावर परतला, लसूण घातला, मग सॉस ओतला. रटरट सुरू झाली. आणि इथे तिचा हात थांबला. पळी कढईत, नजर सासूकडे.

रूपाबाई उठली. तिच्या हातातून पळी घेऊन तिने थोडा सॉस उचलला आणि चुलीत, विस्तवावर सोडला. चर्र करून वाफ आली. "झालं. त्याचा घास त्याला पोचला," ती म्हणाली. दारात खेमा उभे होते, त्यांच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पुन्हा पळीभर घेतला, फुंकला आणि स्वतः तोंडात घातला. छत्तीस वर्षांनी. दात आंबले, डोळे मिटले. तिने वाटी आणि चमचा संगितापुढे धरला.

"आता तू चाख. आन नीट होईस्तोवर चाखत ऱ्हा."

संगिताने चाखलं. पाव खडा गूळ घातला, चाखलं. दारातल्या कुंडीतली ओव्याची चार पानं आणून चुरडली. रूपाबाईला वाटलं, दोन पानं पुरे. तिने जीभ दाताखाली धरली. संगिताने पुन्हा चाखलं, लोण्याचा गोळा मागितला, अर्धाच टाकला. तिच्या कपाळाला घाम आला होता, आणि ती आता कुणाकडेच बघत नव्हती.

बाहेरून देविदासने मोटारसायकलचा हॉर्न दिला. "चल संगिता, साडेदहा व्हायला आले. गाडी निघून जाईल."

"जाऊ द्या," संगिता कढईत बघत म्हणाली. "अजून जरा आंबट हाय."

रूपाबाईने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं, आच कमी केली आणि उरलेला लसूण सोलायला घेतला.