फिल्टरच्या पिशवीतले जीव

दिवाळीच्या आधीचा रविवार. निपाणीतल्या आमच्या घरी मी न्हाणीत बसून माशांच्या टँकच्या फिल्टरची पिशवी नळाखाली खसाखसा धूत होते आणि आप्पांनी मला रंगेहाथ पकडलं...

आप्पा म्हणजे माझे सासरे. वय शहात्तर, पक्के जैन. तीन वर्षांपूर्वी मी हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याचा टँक मांडला, खरे कोरल, रंगीत मासे... तेव्हापासून "मुके जीव काचेत कोंडून काय मिळतंय गं तुला?" हे रोज ऐकते. शाळेत दिवसभर पोरं सांभाळायची आणि घरी येऊन पाण्यातलं मीठ मोजत बसायचं. वेड आहे, मान्य.

त्या दिवसांत माझा जीव टांगणीला लागला होता, तो मँडरिनपायी. बोटाएवढा मासा, अंगभर निळी-केशरी वेलबुट्टी. बेळगावात खडेबाजारच्या बाजूला एका दुकानात दिसला आणि अक्कल गहाण ठेवून मी त्याला घरी आणलं.

हा पठ्ठ्या तयार गोळ्यांना तोंड लावत नाही. दगडांवर फिरणारे, पिठाच्या कणाएवढे जिवंत किडे टिपून खातो. कोपेपॉड म्हणतात त्यांना. माझ्या टँकमधले ते संपत आले होते, बाटलीतून मागवलेलेही आठवड्यात गायब झाले. पाण्याच्या सगळ्या टेस्ट उत्तम, आणि मासा मात्र पोट खपाटीला जाऊन डोळ्यांदेखत उपाशी मरत होता.

आप्पांनी पिशवी माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि उजेडात धरली.

"हे काय वळवळालंय?"

मी वाकून पाहिलं... पांढरे ठिपके कापडावर तुरुतुरु पळत होते. कोपेपॉड! पाण्याबरोबर ओढले जाऊन पिशवीत अडकलेले. म्हणजे दर तीन दिवसांनी मीच त्यांना गोड्या पाण्यात मारून गटारात सोडत होते.

"मास्तरीण हाईस न्हवं? फडकं कसं धुत्यात ठावं न्हाय व्हय?" आप्पा चांगलेच चिडले होते.

आमच्याकडे आजही विहिरीचं पाणी फडक्यानं गाळतात. मग फडकं उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी ओततात आणि अडकलेले बारीक जीव परत त्याच विहिरीत सोडतात. ज्या पाण्यातले, त्या पाण्यात. लग्न होऊन आल्यापासून हे बघतेय, पण डोक्यात कधी उजेड पडला नाही.

आप्पांनी बादलीत टँकचं पाणी मागून घेतलं. पिशवी उलटी करून हलक्या हातानं बुचकळली. घाण तळाला बसू दिली आणि वरचं पाणी तांब्यानं टँकमध्ये सोडलं. त्या दिवसापासून ते काम त्यांनी माझ्याकडून काढूनच घेतलं. म्हणाले, "तुझा हात लई जड हाय."

महिन्याभरात काचेवर पांढरे ठिपके दिसायला लागले. मँडरिनचं पोट भरून आलं. मला आनंद झालाच... पण धास्तीही वाटायला लागली. आप्पा ज्यांना वाचवत होते, त्यांनाच तर हा खात होता. आप्पांना कळलं तर?

शेवटी परवा त्यांनी विचारलंच, "गोळी खाया लागलं काय गं हे आता?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्यांच्यासमोर खोटं तोंडातून निघेना... सगळं खरं सांगून टाकलं. आप्पांनी काठी घेतली आणि ते आत गेले. मला वाटलं, संपलं. आता ते पिशवीला हात लावणार नाहीत, आणि लावा म्हणायला मला तोंड नाही.

काल शाळेतून आले तर टँकपाशी बादली आणि आप्पांच्या हातात पिशवी. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कुणी कुणाला खायाचं ते तेंचं तेंनी बघावं. आपल्या हातनं मराया नको, एवढंच आपलं."

आप्पा फोन वापरत नाहीत, हे त्यांच्या नजरेस पडणार नाही, म्हणूनच इथे लिहायचा धीर होतोय... रागावलात ते बरं केलंत आप्पा. मी तीन वर्षं पाणी मोजत होते, त्यातले जीव तुम्हाला दिसले.

आज संध्याकाळी स्वयंपाकघरातून बघत होते. दिवस मावळायच्या आत जेवणारे आमचे आप्पा, पाटावर बसायच्या आधी टँकसमोर थांबले. काचेला नाक लावलं आणि मँडरिनला म्हणाले, "जेव बाबा लवकर... दिवस बुडाया लागलाय."