काडी मोडली तेव्हा ती कुठं होती?

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी दिवसा मुलींच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी एका म्हाताऱ्या जर्मन पाद्र्याला मराठी शिकवायची. फादर शिवाजी पेठेत आमच्या घराच्या पुढच्या सोप्यावर येऊन बसत. माझे वडील, आबा, शेजारी पान कुटत राखणीला असत. धर्म बुडेल ही भीती त्यांना नव्हती. "आमची पोरगी वादात कुनाचं ऐकत न्हाय. पाद्रीच बाटंल एखाद्या दिवशी," असं ते गल्लीत सांगत.

तेव्हा आबा माझ्यासाठी स्थळंही बघत होते. बघत होते म्हणजे तेच बघत होते. मला पत्ता लागायचा तो फडताळातल्या चांगल्या कपबशा बाहेर निघाल्या की.

फादरच्या देवळात एक भानगड उभी राहिली होती. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात एक फिटर होता. त्याचा मेस्त्री गोव्याचा, कॅथलिक. त्याच्या संगतीनं फिटरनं नुकताच बाप्तिस्मा घेतला होता आणि आता त्याला मेस्त्रीच्या मुलीशी लग्न करायचं होतं. मुलगी राजी, मेस्त्री राजी. पण फिटरची पहिली बायको गारगोटीच्या पुढं एका खेड्यात भावाकडे राहत होती. एके दिवशी तो फादरना गाठायला थेट आमच्या सोप्यावरच आला.

"तिचं माझं मिटलंय, फादर. काडीमोड झालाय पंचाम्होरं," तो म्हणाला.

"काडी कुणी मोडली?"

"मी आन् तिच्या भावानं."

"ती कुठे होती?"

"ती? रानात आसंल की."

फादरनी वही मिटली. त्या दिवशीचं मराठी तिथंच संपलं.

मग त्यांनी मला त्यांचा नियम समजावला. दोघं बिनबाप्तिस्म्याचे असताना लागलेलं लग्नही त्यांच्या लेखी खरंच लग्न. पुढं एकानं बाप्तिस्मा घेतला, तर मागं राहिलेल्या जोडीदाराला विचारायचं: तूही या वाटेनं येतेस का? आणि ते नको असेल तर निदान त्याच्याबरोबर गुण्यागोविंदानं नांदतेस का? ती नाही म्हणाली तरच त्याला दुसरं लग्न करता येतं. ती हो म्हणाली की मेस्त्रीच्या मुलीचा विषय संपला. हे त्यांच्या एका प्रेषिताच्या पत्रातून निघालेलं, म्हणजे पावणेदोन-दोन हजार वर्षांचं जुनं.

मी खोड काढली. "एवढे नियम, आणि तुम्ही स्वतः बिनलग्नाचे!"

फादर हसले. म्हणाले, पहिली कित्येक शतकं आमची माणसं आपापल्या रीतीनं घरीच लग्नं लावत. मग आमचे पंडित भांडत बसले, की लग्न नेमकं कशानं होतं? बापानं मुलगी दिली म्हणून, एकत्र राहिले म्हणून, की त्या दोघांनी हो म्हटलं म्हणून? शेवटी दोघांचा होकार जिंकला. पण मग पोरं चोरून होकार द्यायला लागली आणि पुढं 'मी कुठं म्हटलं होतं?' म्हणून हात झटकायला लागली. म्हणून पाद्री आणि दोन साक्षीदार हवेत असं ठरलं. "आमचं भांडण अजून संपलेलं नाही," ते म्हणाले. "लग्न आधी मुलांसाठी, की आधी एकमेकांसाठी, यावर आजही वाद चालतो." स्वतःच्या धर्माचं असं उघडं करून सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मला ते फार आवडलं.

बाईला विचारायचं तर बाईमाणूस हवं, म्हणून मी निघाले. मी निघाले म्हणून आबा निघाले. फादर म्हणाले, बरंच झालं, दोन साक्षीदार झाले. फिटर आमच्याबरोबर मोटारीनं आला खरा, पण गावाच्या वेशीवर चिंचेखाली बसून राहिला.

तिच्या भावानं घोंगडं टाकलं. "या पावणं. ती न्हाय म्हनतीया. च्या घ्या आन् जावा."

"तिला बोलवा," फादर म्हणाले.

"मी सांगतोय की! भाऊ हाय मी तिचा."

"तुम्हाला विचारायला मी आलो नाही."

आबा माझ्या कानाशी पुटपुटले, "बाईमान्साला इचारायचं काय त्यात?" फादर मात्र घोंगड्यावरून हलेनात. उन्हं कलली तेव्हा ती आली, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. तिला बघताच फादर उठून उभे राहिले. मग आबांनाही उठावं लागलं. त्या गावात तिच्यासाठी त्याआधी कुणी उठलं नसावं. भाराही न टाकता ती बघतच राहिली.

फादरनी भावाला लांब पाठवलं. दडपणाखाली दिलेला शब्द त्यांना चालत नव्हता. आबा साक्षीदार म्हणून थांबले, पण संकोचानं दारातल्या म्हशीकडे तोंड करून. मी तिला दोन्ही प्रश्न साध्या शब्दांत विचारले.

"देव बदलायचा न्हाय मला," ती म्हणाली. मग आमच्याकडच्या बाया बोलतात तशा पुरुषी बोलीत म्हणाली, "नांदायला येतो म्हटलं तर?"

"तर त्याला तुम्हाला न्यावं लागेल. दुसरं लग्न करता येणार नाही."

"आन् न्हाय म्हटलं तर?"

"तर तो मोकळा. त्याचं लग्न लागलं की तुम्हीही मोकळ्या."

तिनं भारा म्हशीपुढं टाकला, तांब्याभर पाणी प्याली, तोंड पुसलं. एका शब्दात त्या माणसाचा संसार उधळायची सत्ता तिच्या हाती आली होती, आणि ते तिला पुरतं कळलं होतं. तिच्या जागी मी असते तर सूड घेतला असता, अगदी हो म्हणून.

"त्यो आलाय न्हवं? बोलवा त्येला."

फिटर आला. मान खाली.

"वर बघ," ती म्हणाली. "तू काडी मोडलीस तवा मी रानात भांगलत होतो. सांजंला घरी आलो तवा भावानं सांगिटलं. तुज्या तोंडानं तू कायबी सांगिटलं न्हाईस. आता माज्या तोंडानं ऐक. मी येत न्हाय. जा, लगीन कर. पर तिला तरी इचारून कर."

फादरनी तिला हात जोडले. मला त्यांचा धर्म घ्यावासा कधी वाटला नाही, पण तिलाच विचारायचा तो एक नियम मी मनापासून मानला. आणि त्याहून मानलं तिला. पुढं दहा-बारा वर्षांनी रोमला त्यांची मोठी सभा भरली आणि नवरा-बायकोचं प्रेम त्यांच्या शिकवणीत वरच्या जागी आलं, असं मी वाचलं. तेव्हा फादर नव्हते. मला मात्र तो गवताचा भाराच आठवला.

निघताना तिनं माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. "तुजं लगीन?"

"ठरतंय."

"तुला इचारलंया?"

मी आबांकडे पाहिलं. आबा अजून म्हशीकडेच तोंड करून होते. मोटारीत कोल्हापूर येईपर्यंत त्यांनी पानाची चंची उघडली नाही.

पुढच्या महिन्यात एका वकिलाचं स्थळ आलं. चहा झाला, पाहुणे गेले. आबांनी मला सोप्यावर बोलावलं, समोर पाट मांडून बसायला सांगितलं. पानाचा खलबत्ता बाजूला सारला, घसा खाकरला. म्हशीकडे बघावं तसं एकदा दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे वळले.

"तुला ह्यो पोरगा पसंत हाय का?"

मी बराच वेळ घेतला. उत्तर 'हो'च होतं, तरीसुद्धा घेतला.