फळ्यावर बघा

"फळ्यावर बघा."

आबांना काहीही विचारा, उत्तर हेच. पाणी कधी येणार? फळ्यावर बघा. कालव्याला आवर्तन सुटलं का? फळ्यावर बघा. एकदा कोणीतरी चेष्टेनं विचारलं, आबा, जेवलात का? आबांनी खांद्यावरची पाण्याच्या व्हॉल्व्हची लोखंडी चावी सावरली, समोरच्या भिंतीकडे बोट केलं आणि चालू लागले. तिथे खरंच लिहिलं होतं, 'आज मेथीची भाजी. मीठ जास्त झालं होतं. घरात सांगितलं नाही.'

नव्वद सालाच्या पुढेमागे तुम्ही नगर-मनमाड रस्त्यानं शिर्डीला गेला असाल, तर कोल्हारच्या अलीकडे आमच्या फाट्यावर तुमची एसटी थांबली असेलच. रस्त्याच्या एका बाजूला पंचायतीची जुनी भिंत आणि तिच्यावर काळा रंग देऊन केलेला फळा. दुसऱ्या बाजूला माझी पेपरची टपरी. मी पेपर विकणार आणि हा माणूस माझ्या तोंडासमोर रोज फुकटात पेपर काढणार. लोक आधी तिकडे जायचे, वाचून हसायचे, मग माझ्याकडे येऊन विकतचा पेपर चाळायचे आणि यात काही दम नाही म्हणून परत ठेवायचे. सुरुवातीला मला आबांचा चांगलाच राग यायचा.

आबा पंचायतीचं पाणी सोडायचे. त्यांची जीभ अडायची. 'पाणी' हा साधा शब्द काढताना मान ताणली जायची, डोळे मिटायचे, आणि शब्द बाहेर येईपर्यंत हंडा घेऊन उभ्या बाईचा धीर सुटलेला असायचा. म्हणून त्यांनी पाण्याच्या वेळा भिंतीवर लिहायला घेतल्या. 'फळ्यावर बघा' एवढे दोन शब्द मात्र त्यांच्या तोंडात कधी अडले नाहीत. असं का, ते देव जाणे. आबा असते तर देवाला मध्ये आणू नका म्हणाले असते. ते बौद्ध वस्तीतले, वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली.

वेळांच्या खाली हळूहळू एकेक ओळ यायला लागली. 'नदीला गढूळ पाणी आहे. वर कुठेतरी पाऊस झाला.' 'काल दुपारच्या गाडीतून एक आजी उतरल्या आणि पुलाकडे बघत बसल्या. कोणाच्या पाहुण्या असतील तर घरी न्या.' त्या आजींना संध्याकाळी खरोखर घरचे न्यायला आले. एक दिवस नुसतं होतं, 'आज काही घडलं नाही. तेही लिहिलेलं बरं.' ती ओळ वाचून मी एकटाच टपरीत किती वेळ हसलो, आणि त्या दिवसापासून माझा राग गेला.

पहिल्या पहिल्यांदा फळा कोणीतरी पुसायचं. वरच्या वेळा तशाच ठेवायच्या आणि खालची ओळ तेवढी पुसायची, इतका तो पुसणारा हिशेबी होता. वस्तीतला माणूस गावाच्या भिंतीवर स्वतःच्या मनातलं लिहितो, हे कोणाच्या तरी डोळ्यात खुपत होतं. आबा दुसऱ्या दिवशी तीच ओळ जरा मोठ्या अक्षरात लिहायचे. शेवटी पुसणारा कंटाळला.

गावात कोणी गेलं की पहिला निरोप आबांकडे यायला लागला. फळ्यावर नाव, मातीची वेळ आणि खाली त्या माणसाबद्दल एक ओळ. एका म्हाताऱ्याबद्दल लिहिलं होतं, 'विहिरीवरचा दोर नेहमी गुंडाळून ठेवायचे.' ज्याच्याशी त्या म्हाताऱ्याची उभी हयात बांधावरून भांडणं झाली, तो ती ओळ वाचून चपला काढून उभा राहिला. आमच्या गावाला एवढं हळवं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मग शिर्डीची गर्दी वाढली. फाट्यावर गाड्या थांबायला लागल्या, चहावाले आले, फोटोवाले आले, आणि पंचायतीला वाटलं की इथे गाळे काढावेत. त्यात गैर काही नव्हतं. जागा पंचायतीची, भिंत पंचायतीची. ग्रामसभेत आबा हात वर करून उभे राहिले. त्यांचा पहिला शब्द निघेपर्यंत सभा पुढच्या विषयावर गेली होती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, 'भिंत पाडणार म्हणतात. मग मी कुठे बोलू?' लोकांनी वाचलं, चक् चक् केलं, आणि आपापली गाडी पकडली.

त्याच सुमारास एका पेपरात चौकट आली. जिल्ह्यातल्या गावोगावच्या फळे लिहिणाऱ्यांचा नगरला मेळावा होणार होता. मीच ती आबांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. इथून पुढे त्यांचं अडखळणं मी लिहीत नाही, ते तुम्ही धरून चाला.

"भाऊ, आपल्यावानी लिवनारे लई हायेत व्हय?"

त्यांना आजवर वाटत होतं की जगात असं करणारे ते एकटेच. आणि जे जमतील त्यांना एक गोष्ट विचारायची त्यांनी लगेच ठरवून टाकली. तुमच्याकडे कोणाची भिंत गेली का, गेली तर तुम्ही काय केलं? यांच्यातल्या कोणाला तरी ठाऊक असणार, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं. आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'उद्या फळा बंद. नगरला आमच्यासारखे जमणार आहेत. पाणी नेहमीच्या वेळेला येईल, काळजी नसावी.'

मी सोबत गेलो. एसटीत सबंध वाट आबा खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते. तेवढा एकच प्रश्न घोकत होते.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. पाहुणे उशिरा आले, मग सत्कार झाले, मग सत्कार राहिलेल्यांचे सत्कार झाले. शहरातून आलेल्या एका वक्त्यांनी फळा कसा लिहावा ते सांगितलं. थोडक्यात लिहा, रंगीत खडू वापरा, रोज एक सुविचार टाका, लोकांना आवडेल ते द्या. माणूस वाईट नव्हता, मनापासून सांगत होता. पारनेरकडचे एक पिठाच्या गिरणीवाले आमच्या शेजारी बसले होते. गिऱ्हाइकाचं दळण होईपर्यंत त्यांना वाचायला काहीतरी हवं म्हणून ते गिरणीच्या दारावर लिहायचे. आबा त्यांच्याकडे नवऱ्यामुलासारखे लाजून बघत होते. मी आबांना इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं.

जेवणानंतर प्रत्येकानं उठून दोन शब्द बोलायचे होते. आबांचं नाव पुकारलं. ते वर गेले, माईकसमोर उभे राहिले, टोपी काढून पुन्हा घातली. मान ताणली गेली. डोळे मिटले. सभागृहात आधी खाकरण्याचे आवाज होते, मग तेही थांबले. आबांच्या गळ्याची शीर खालून मला दिसत होती. मी मनातल्या मनात त्यांचा प्रश्न म्हणत होतो, जणू त्यामुळे त्यांना तो म्हणता येणार होता. आणि मग त्यांच्या तोंडून, अजिबात न अडता, खणखणीत निघालं,

"फळ्यावर बघा."

सवयीनं त्यांनी हात मागे केला. मागे फळा नव्हता. झेंडूच्या माळा लावलेलं कापडी बॅनर होतं. आबांचं बोट त्या बॅनरवर कितीतरी वेळ तसंच राहिलं.

सभागृह हसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तुम्हाला वाटेल की लोकांनी टिंगल केली. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मी दोघाचौघांशी भांडलो तरी असतो. लोकांना ते आवडलं होतं. सूत्रसंचालक म्हणाले की इतकं मोजकं मनोगत आज कोणी केलं नाही, आणि पुढचं नाव पुकारलं. गिरणीवाल्यांनी आबांची पाठ थोपटली. आबा खाली येऊन खुर्चीत बसले आणि मेळावा संपेपर्यंत आपल्या हाताकडे बघत राहिले. एवढी फळ्यावर लिहिणारी माणसं एका छपराखाली, आणि त्यातल्या एकालाही या माणसाला काही विचारायचं होतं हे कळलं नाही. मी उठून सांगायला गेलो, तर आबांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं. त्यांचा प्रश्न त्यांना स्वतः विचारायचा होता.

परतीच्या एसटीत राहुरी मागे पडल्यावर ते म्हणाले,

"भाऊ, तितं फळाच न्हवता."

दुसऱ्या दिवशीचा फळा मला शब्दन् शब्द आठवतो. 'नगरला मेळाव्याला गेलो. माणसं चांगली होती. जेवणात जिलेबी होती. रंगीत खडू वापरा म्हणाले. पारनेरकडे एक गिरणीवाले लिहितात, त्यांची ओळख झाली. विचारायचं राहिलं.'

सांगितलं ते करून बघायचं म्हणून पुढचे काही दिवस त्यांनी गुलाबी खडूनं लिहिलं. उन्हात त्यातलं अक्षर दिसेना. पाण्याची वेळ चुकली म्हणून बायकांनी आरडाओरडा केला. आबा पुन्हा पांढऱ्या खडूवर आले. सुविचार त्यांनी एकदाच टाकला आणि दुपारी स्वतःच पुसला. मला म्हणाले, त्यो माजा न्हाई.

उन्हाळ्यात भिंत पडली. शेवटच्या दिवशी फळ्यावर फक्त पाण्याच्या वेळा होत्या.

मी टपरीच्या बाजूला काळा पत्रा ठोकून दिला. आबांनी माझ्या समाधानासाठी त्यावर काही दिवस लिहिलं. पण एसटी समोर, भिंतीच्या जागी झालेल्या गाळ्यांपुढे थांबायची, पत्रा आडबाजूला, वाचणारा मी एकटा. मी वहीत लिहायचं सुचवलं. ते म्हणाले, वहीतलं आपलं आपल्यापाशीच ऱ्हातं.

आणि मग भोंगा आला. पंचायतीनं घेतला, पाण्याची वेळ सगळ्या गावाला एकदम कळावी म्हणून. सांगायचं कोणी? पाणी सोडतो त्यानं. यातही कोणाच्या मनात वाकडं नव्हतं, हे मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ते मला अजून सोसत नाही. रोज सकाळी चारी दिशांना तोंडं केलेल्या कर्ण्यांतून आबांचा एकच शब्द फुटत, तुटत, परत सुरू होत गावभर फिरायचा. पहिल्या दिवशी गाव हसलं. नंतर शाळेत जाणारी पोरं तसंच बोलत जायला लागली. मी टपरीतला रेडिओ मोठा करायचो.

थोड्या दिवसांनी आबा न सांगताच पाणी सोडायला लागले. तक्रारी झाल्या. पंचायतीनं त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला, त्याचा आवाज छान होता. आबा वस्तीवर घरासमोरच्या बाजेवर बसून असायचे. मी जायचो, पेपर वाचून दाखवायचो. ते ऐकत की नाही, कळायचं नाही. एकदा न राहवून मी विचारलं, आबा, काही लिहिता की नाही?

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे उघडले. बोटांच्या पेरांत खडूची पांढरी भुकटी वर्षानुवर्षं बसलेली असायची. ती पार निघून गेली होती.

"कुठं?" ते म्हणाले. हा शब्दही अडला नाही.

आबा गेले ते थंडीत. भोंगा गणपतीतच जळाला होता आणि दुरुस्तीला पडून होता. वस्तीवरचा निरोप गावात पोचला तोवर उन्हं वर आली होती. बऱ्याच जणांना तर दुसऱ्या दिवशी कळलं. मला त्याच सकाळी पेपर घ्यायला आलेल्या एका बाईंनी सांगितलं. यांच्याच दारात आबा कधीकाळी पाण्याच्या वेळेवरून बोलणी खायचे. त्या पदर डोळ्याला लावून उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माती कवा हाय?"

"फळ्यावर बघा," मी म्हणालो.

कसं निघालं तोंडातून, मलाच कळलं नाही. आम्ही दोघांनीही समोर बघितलं. समोर फोटोवाल्याचं शटर होतं, अजून बंद.