भाच्याची दोन दारांची गाडी

गाडी बिघडते म्हणजे काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे असंच मी समजत होते. माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा, पांढरकवड्याला हायवेच्या काठी राहतो. त्याचा एक ट्रक आहे. बहीण लवकर गेली, तेव्हा तो यवतमाळला माझ्याच घरी वाढला, आणि म्हणून ट्रकचं सगळं रडगाणंही तो मलाच सांगतो. ट्रक आजारी पडला की खडखडतो, काळा धूर टाकतो, तेल गाळतो. अंगणात उभा असला तर मीसुद्धा सांगू शकते, की याचं काही खरं नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्यानं हैदराबादहून ती लाल, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली गाडी आणली आणि तेव्हापासून मला गाड्यांमधलं काही कळेनासं झालं.

जुनीच होती. कोणीतरी वापरून विकलेली. तरी पहिल्या दिवशी तिला दाखवायला तो माझ्या दारात आला तेव्हा गल्लीतली माणसं जेवणं टाकून बाहेर आली. मला म्हणाला, बस. मी बसले कसली, आत पडले. उतरताना त्याच्या बायकोनं, माझ्या सुनेनं, दोन्ही हात धरून मला वर ओढलं.

"काहून रे बाबू," मी म्हटलं, "एवढ्या पैशात थोडी उंच नव्हती भेटत?"

"मावशी, हे स्पोर्ट्स कार आहे. ही बसाची नसते, चालवाची असते."

चालवायची खरी, पण कुठे? मला घेऊन लोहारा गावाकडे निघाला तर पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट घासलं. असा आवाज आला, की मी दोन्ही पाय वर उचलून घेतले. पुढच्या गतिरोधकाला त्यानं गाडी आडवी-तिडवी करून, एकेक चाक जपून वर चढवलं. मागे ऑटोवाला भोंगा वाजवत होता. तो शेजारून पुढे जाताना म्हणाला, "काका, उचलून नेऊ का?" भाच्यानं काच वर चढवली. माझी मान खाली.

मग एकामागून एक सुरू झालं. खड्ड्यात आपटून टायरच्या बाजूला फुगा आला. टायर अगदी चपटा, पातळ. आपल्याकडच्या रस्त्यावर त्याचा काय टिकाव लागणार. बरं, स्टेपनी काढा म्हटलं तर कंपनीनं स्टेपनीच दिलेली नाही. तसला टायर यवतमाळात नाही, नागपूरलाही मागवावा लागला, तोवर गाडी विटांवर. मग इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची एक नळी तडकली. नळी प्लॅस्टिकची, बोटाएवढी, पण तिच्यापर्यंत हात पोचायला अर्धं इंजिन उतरवावं लागलं. म्हणजे नळीचे पैसे थोडे आणि हात पोचवायचे पैसे फार. हे गणित मला अजून उमगलेलं नाही.

उंदरांचं तर वेगळंच. पावसाळ्यात गाडी झाकून राहावी म्हणून त्यानं ती सोयाबीनच्या पोत्यांच्या खोलीत उभी केली. महिन्यानं पाहिलं तर पोती जशीच्या तशी आणि गाडीच्या वायरी कुरतडलेल्या. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसानं त्याला सांगितलं म्हणे, की हल्ली काही वायरींच्या वरच्या आवरणात सोयाबीनचाच काहीतरी अंश असतो, उंदरांना वास येतो. खरं का खोटं देव जाणे. शेजारी पोत्यांची थप्पी असताना उंदरांनी नेमकी गाडीच का खावी, हे मी सगळ्यांना विचारलं.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त गोंधळात टाकलं ते पिवळ्या दिव्यानं. समोरच्या काचेखाली एक दिवा लागायचा आणि गाडी एकदम मुकाट व्हायची. आवाज नाही, धूर नाही, गळती नाही. नुसता दिवा. दोर लावून ओढताही यायची नाही, मोठ्या गाडीवर चढवून नागपूरला न्यावी लागायची. एकदा तशी नेली. चार दिवसांनी परत आली तेव्हा मी विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही निघालं. कॉम्प्युटरमध्ये एरर होता, त्यायनं पुसून टाकला."

"मंग दुरुस्त काय केलं?"

"काहीच नाही, मावशी."

"मंग पैसे कायचे घेतले?"

"पाहाचे," तो म्हणाला.

सून तिथेच बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. ती वर न पाहता म्हणाली, "मीही पाहून राह्यली ना दोन वर्षांपासून. मले कोणी देत नाही."

तोवर गोष्ट हसण्यावारी नेण्याच्या पलीकडे गेली होती. ट्रकचं इंजिन दुरुस्तीला आलं होतं, आणि ते खोलायला जे पैसे बाजूला ठेवले ते सगळे लाल गाडीनं खाल्ले. कमावणारा ट्रक दारात उभा, ड्रायव्हर घरी बसलेला. तो ड्रायव्हर दुसरीकडे जायची भाषा करत होता. सुनेनं माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, की एकतर ही गाडी विका, नाहीतर मी माहेरी जाते आणि तिकडून तुमची मजा पाहते. भाच्यानं मान हलवली. विकायची ठरली. पण घेणार कोण? ज्याला माहीत आहे तो घेत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला पैसे नाहीत.

त्याच सुमारास माझ्या नातवाचं लग्न यवतमाळच्या एका लॉनवर ठरलं. लॉनचा मालक गाड्यांचा शौकीन. भाच्यानं त्याच्याशी बोलणं केलं, तर तो म्हणाला, "वरातीत आणा, पायतो कशी आहे ते." झालं. नवरदेव लाल गाडीतून येणार, हे ठरलं. भाचा आठवडाभर तिला पुसत होता. मला म्हणाला, "मावशी, मारुतीच्या देवळापासून लॉनपर्यंत कितीसं जायचं आहे? तेवढं तर जाईनच ना ती." विचारत होता का सांगत होता, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "जाईन, जाईन."

देवळासमोर पहिला घोळ बसण्यावरून. पुढे दोनच जागा, एक भाच्याची, एक नवरदेवाची. मागची सीट पिशवी ठेवण्यापुरती. आणि करवली? आमची करवली नऊवारी नेसून, हातात कलश घेऊन उभी. शेवटी तिला मागे घडी घालून बसवलं, कलश मांडीवर. ती आतून म्हणत होती, "मी एवढी नटली कायले, कोणाले दिसून तर नाही राह्यली."

वरात निघाली. पुढे संदलचे ढोल, म्हणजे आमच्याकडचं वरातीचं ढोलपथक, त्यांच्यापुढे नाचणारी पोरं, आणि प्रत्येक चौकात आमचे व्याही, नवरदेवाचे दुसरे आजोबा, नाचायला थांबणार. वरात कशी चालते ते आपल्याला माहीत आहे. दोन पावलं पुढे, मग एक गाणं संपेपर्यंत उभी. मी गाडीच्या बाजूनं पायी चालत होते आणि भाच्याचा चेहरा पाहत होते. त्याच्या कपाळावर घाम. काचेखाली लाल अक्षरं उमटली होती.

"काय म्हणते ती?" मी खिडकीतून विचारलं.

"गेअर तापला म्हणते. हिचा गेअर आपोआप पडते ना. आत दोन क्लच आहेत. मुंगीवानी चालवलं का ते घासतात. यायले सांग ना थोडं लवकर चाला म्हणून."

मी व्याह्यांना सांगायला गेले. त्यांनी माझाच हात धरला आणि मला नाचायला लावलं. परत येईपर्यंत गाडी उभी राहिली होती. लॉनच्या फाटकाच्या अलीकडे, ऐन रस्त्यात. फाटकात लॉनचा मालक उभा.

भाचा उतरला, पुढे गेला, मागे गेला, नुसताच उभा राहिला. ज्या माणसाला गाडी दाखवायची, त्याच्याच नजरेसमोर ती बंद पडली होती. सून माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "संपलं आता, मावशी." मला वाटलं, ही उद्या खरंच माहेरी जाते.

आणि मग जे झालं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. गाडी उभी राहिली तशी गर्दी तिच्याकडे वळली. चालत होती तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. आता दोन्हीकडच्या पाहुण्यांनी फोन काढले. पोरीबाळी दाराला टेकून फोटो काढू लागल्या. नवरदेव आत बसलेला, करवलीला एकदाचं बाहेर काढून त्याच्या शेजारी उभं केलं. व्याही तर बॉनेटवर हात ठेवून असे उभे राहिले, जशी त्यांचीच गाडी. नवरी तेवढी आली असती तर लग्न तिथेच रस्त्यात लागलं असतं.

लॉनचा मालक माझ्याकडे आला. "माय, तुम्ही मोठ्या आहा, खोटं नाही सांगणार. गाडी कशी आहे?"

भाचा दोन हात अंतरावर उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. आणि माझ्याजवळ जे होतं ते सांगितलं. "बापा, मले समजत नाही. दवाखान्यात नेली का म्हणतात, काही झालं नाही. घरी आणली का चालत नाही. आता थंड झाली का सुरू होईन, असंही म्हणतात. चांगली आहे का वाईट, हे मी दोन वर्षांपासून इचारून राह्यली."

तो हसला. "मले चालवाची कुठं आहे? फाटकात उभी करतो. बिना फोटोचं आता लग्न होते का?"

रात्री जेवणं आटोपल्यावर सौदा झाला. भाच्यानं मागितले त्याहून कमी, पण ट्रकचं इंजिन होऊन जाईल एवढे. सुनेचा चेहरा उजळला. मलाही हायसं वाटलं. पण भाचा किल्ली देईना. मालकाला सांगत होता, "उभी राह्यली तरी हिची बॅटरी उतरते. आठवड्यातून एकदा तरी सुरू करा, थोडी फिरवा."

"अरे बाप्पा, फिरवाची नाहीच म्हटलं ना."

"तरी पण."

"द्या ना चाबी," सून म्हणाली. त्यानं दिली.

मग तो माझ्याजवळ येऊन रिकाम्या खुर्चीवर बसला. मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते. त्यानं शेजारची एक खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "मावशी, चुकलं का माह्यं?"

"कोणतं? घेतली ते का इकली ते?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्यालाही ते ठरवता येत नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं त्यानं फोन काढला आणि ड्रायव्हरला सांगितलं, सकाळी ये, इंजिन खोलायचं आहे.