आत्याबाई पाण्यात गेल्या

आज नातवाचा ओला टॉवेल चुलीजवळ वाळत टाकला. त्याला धुराचा वास लागला आणि मला भंडारदऱ्याची ती सकाळ आठवली.

आम्ही घरची माणसं धरणाच्या काठी, जंगलखात्याच्या जागेत तंबू ठोकून राहिलो होतो. तिथे लाईट नव्हती, नळ नव्हता. उजाडताच मी काठावर राखेने भांडी घासत होते. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेजारी बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी बाई. एकाएकी त्यांनी कासोटा घट्ट खोचला, सरळ पाण्यात चालत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

माझ्या हातातलं पातेलं सुटलं. तंबूत पुरुषमाणसं झोपलेली, ओरडायचं कसं? पाणी अगदी गप्प होतं. शेवटी जीव खाऊन ओरडले, "आत्याबाई!"

लांब खडकाजवळ त्यांचं डोकं वर आलं. त्या हसत होत्या.

"वरडती कशाला गं? आमी राजूरकडच्या पोरी, पान्यातच वाढलो. लगीन झाल्यापासून पवले न्हाई."

"मला वाटलं, तुमी गेलाच!"

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. तेव्हा त्या मला म्हाताऱ्या वाटायच्या. आज मी त्यांच्या त्या वयाच्याही पुढे गेले आहे.

आत्याबाई पोहत काठावर आल्या, तोवर माझ्या ओरडण्याने मामंजी बाहेर आले. "लुगडं कशानं भिजलं गं?"

आत्याबाई खाली बघू लागल्या. मामंजींसमोर कधी तोंड न उघडणारी मी म्हणाले, "भांडी धुताना पाय घसरला त्येंचा."

ते वळल्यावर आत्याबाई चुलीच्या धुरात ओला पदर वाळवत हळूच म्हणाल्या, "लई बोलाया लागलीस की!"